आवाजाचे मालक

खोली शोधणाऱ्या एकट्या बाईला विचारायचे प्रश्न रत्नागिरीत ठरलेले आहेत. लग्न झालंय का, नसेल तर का नाही, घरी कोण येणार-जाणार, मासे खाता का, खात असाल तर कुणाकडून घेता. या सगळ्यांची उत्तरं तयार ठेवून मी मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या त्या चिऱ्याच्या घरात शिरले. मालकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"कॉम्प्युटर 'अपडेट करू का' म्हणतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"'नंतर आठवण कर' दाबते."

"किती दिवस?"

"तो थकेपर्यंत."

"सामान कधी आणताय?"

लग्नाचं त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही. त्यांच्या मते माणसाची पारख त्या एका प्रश्नात होत असे. माझ्या आधी खोली बघायला आलेला माणूस म्हणे चांगला बँकेत अधिकारी होता, पण त्याने मोठ्या अभिमानाने "मी लगेच अपडेट करतो" असं सांगितलं आणि उभ्या उभ्या खोली घालवली.

मालक एके काळी जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. जहाजांवर उपग्रहाचे फोन आले, टकटक करून संदेश पाठवणाऱ्या माणसांची गरज संपली, आणि कंपनीने त्यांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. शाल त्यांनी कपाटात ठेवली, नारळाची चटणी केली, पण तो अपमान काही त्यांना पचला नाही. "माझंच एकदा अपडेट झालंय," ते म्हणत, "तेव्हापासून त्या शब्दावर माझं प्रेम नाही."

जहाज सुटलं तरी सवयी सुटल्या नव्हत्या. फाटकावरच्या घंटेवर प्रत्येकाची खूण ठरलेली होती. माझी एक लांब आणि दोन आखूड. दूधवाल्याची चार आखूड. दूधवाला हुशार, त्याने आठवडाभरात ती उचलली. गॅसवाल्याला मात्र काही जमेना. एका दुपारी तो सिलिंडर खांद्यावर घेऊन भर उन्हात घंटा बडवत राहिला आणि मालक आत आरामखुर्चीत बसून शांतपणे म्हणत होते, "कोणीतरी काहीतरी बोलतंय, पण अर्थ लागत नाही." शेवटी मी जाऊन फाटक उघडलं. त्याबद्दल मला दिवसभर ऐकून घ्यावं लागलं. अशाने लोक शिकत नाहीत म्हणे.

घरात प्रत्येक वस्तू दोन होत्या. दोन पंप, दोन विजेऱ्या, दोन चष्मे, दोन करवंटीचे चमचे. एक वापरायची आणि एक ती बुडाल्यावरची. पावसाळ्यात कॉम्प्युटरला बुरशी येऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या कपाटात पिवळा बल्ब कायमचा पेटता ठेवला होता, आणि कॉम्प्युटरच्या माहितीची प्रत असलेली जुनी डिस्क फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरली होती. तांदूळ ओल ओढून घेतो. पाहुण्यांना भात वाढताना एकदा पळीला डिस्क लागली होती असं मला सांगितलं गेलं, पण सांगणारी व्यक्ती मालकांची बदनामी करण्याची एकही संधी सोडत नसे, तेव्हा त्यातलं किती खरं धरावं हा प्रश्नच आहे.

त्यांचा कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्सवर चालत असे. फुकट मिळतं म्हणून नव्हे, तर "याचं इंजिनरूम उघडं असतं" म्हणून. ज्यांना इंजिनरूम बघायची नसते ते सगळे त्यांच्या लेखी पॅसेंजर. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसाचे आठ-नऊ तास याच कामात असते, हे मी त्यांना एकदा नम्रपणे सांगून पाहिलं.

"असाल," ते म्हणाले. "खिडकीजवळची सीट मिळाली म्हणून पॅसेंजर कप्तान होत नाही."

ही बदनामी करणारी व्यक्ती म्हणजे आक्का, मालकांची थोरली बहीण. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. असं म्हणतात की त्या वर्गात कविता म्हणायला लागल्या की जेटीवरचे लोक जाळी विणायचे थांबत. प्रेमाने की नाइलाजाने, ते कोणी सांगत नाही. निवृत्तीनंतर त्यांना घशाचं दुखणं झालं. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला आणि स्वरयंत्र गेलं.

मालकांनी तेव्हा कॉम्प्युटर विकत आणला. का आणला असं विचारलं तर सांगत, "ही बोलता येत नाही म्हणून हातवारे करायची. दोनदा माझी आमटीची वाटी उडवली. कपडे धुण्यापेक्षा कॉम्प्युटर शिकणं सोपं वाटलं." मग सबंध एक पावसाळा ते खोलीत कोंडून घेऊन बसले. बाहेर आले तेव्हा आक्का कळफलकावर लिहीत होत्या आणि यंत्र त्यांचं लिहिणं मोठ्याने बोलत होतं.

आक्कांनी दोन वाक्यं ऐकली आणि तिसरं लिहिलं, "ही कोण बया पुण्याची?"

कारण यंत्राचं मराठी शुद्ध होतं, सपाट होतं, आणि त्या मराठीत बातम्या देता आल्या असत्या पण मासेवालीशी बांगड्यांची घासाघीस करता आली नसती. रत्नागिरीत वाक्याचा शेवटचा शब्द नुसता बोलून भागत नाही, तो जरा ओढून सोडावा लागतो. त्या हेलावरूनच समोरच्याला कळतं की आपण विचारतोय, टोमणा मारतोय की फाटकाबाहेर काढतोय. मालक परत खोलीत गेले. बोलणाऱ्या यंत्राच्या पोटात जी आवाजाची लायब्ररी असते, म्हणजे शब्दाचा आवाज करून देणारा कोठीचा भाग, तीच त्यांनी उघडली. शाळेच्या स्नेहसंमेलनाची एक जुनी कॅसेट होती, तिच्यात आक्कांनी केलेलं आभारप्रदर्शन होतं. ते आभार त्यांनी किती वेळा ऐकले असतील देव जाणे. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत यंत्राला हेल आला. आवाज बाईचा की पुरुषाचा हे सांगणं अवघड होतं. रत्नागिरीचा होता याबद्दल मात्र कोणाचा वाद झाला नसता.

त्यानंतर त्या घरात शांतता नांदली नाही. भिंतीपलीकडून मला रोज दोन आवाज ऐकू येत, एक मालकांचा आणि एक त्यांनीच घडवलेला.

"आमटीत मीठ टाकलंस की ओतलंस रेऽ?"

"बोट वाकडं झालं असेल."

"बोट नाही मेल्या, डोकं."

"मीच तोंड दिलं हिला. भोगतोय."

आक्कांनी हट्टाने एक स्पीकर स्वयंपाकघरातही बसवून घेतला होता, म्हणजे भाऊ पळून कुठे जाणार. माझी मीटिंग चालू असताना कधीकधी मागून हेल काढून "मेल्याऽ" असं ऐकू येई. आमच्या कंपनीतले लोक मला बरेच दिवस विचारत होते की तुझ्याकडे रोबो आहे का.

हे सगळं ज्या एका नियमावर चाललं होतं तो मालक दिवसातून दोनदा म्हणत: चालत्या बोटीचं इंजिन उघडून बघू नये. कॉम्प्युटर अपडेट मागत राही आणि मालक त्याला नाही म्हणत राहत. दोघेही चिवट. असं कित्येक वर्षं चाललं होतं.

मग ठाण्याला एक बाळ जन्मलं.

मालकांचा धाकटा भाऊ आधीच गेला होता. त्याच्या मुलाला मुलगी झाली. बाळाला सख्खी आत्या नव्हती, म्हणून बारशात नाव ठेवायचा मान बाळाच्या बापाच्या आत्याकडे, म्हणजे आक्कांकडे आला. प्रवासाची त्यांना मनाई होती. ऑपरेशनच्या वेळी गळ्याला पाडलेल्या छिद्रात धूळ गेली तर पुन्हा दवाखाना. पुतण्या म्हणाला, आत्या, व्हिडिओ कॉलवर नाव ठेव. आक्का इतक्या खूश झाल्या की दिवसभर त्यांनी भावाला एकही शिवी दिली नाही. मालक काळजीत पडले, ताप तरी बघू म्हणाले.

संध्याकाळी सराव म्हणून व्हिडिओ कॉल लावायला गेले तर कॉम्प्युटरने सांगितलं, तुमची सिस्टिम फार जुनी आहे, हे तुम्हाला झेपणार नाही.

मी म्हटलं, "माझा लॅपटॉप घ्या की. चित्र माझ्यावर दिसेल, आक्का त्यांच्या यंत्रावरून बोलतील."

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू बारशाला शिळा शिरा पाठवायचं सुचवलं होतं.

"आत्याचा मान उसन्या यंत्रावर होणार नाही," ते म्हणाले.

आणि ज्या माणसाने अपडेटच्या नावावरून एका बँक अधिकाऱ्याला बेघर केलं होतं त्याने रविवारी सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, सगळी सिस्टिम अपग्रेड करायला घेतली. त्यांनी प्रत्येक प्रश्न नीट वाचला. शेवटी यंत्राने विचारलं, काही जुनी, निरुपयोगी पॅकेजेस सापडली आहेत, काढून टाकू का? मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि हो म्हटलं.

दुपारी पुतण्याचा चेहरा पडद्यावर आला. इतका स्वच्छ की त्याने दाढी केली नाही हेसुद्धा दिसत होतं. आक्कांनी भराभर काहीतरी लिहिलं, बोलायची कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली: 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज', पुढे मालकांनी घडवलेल्या त्या लायब्ररीचं नाव, आणि पुढे अशी फाइल अस्तित्वात नाही.

"हॅलो आत्या? आत्या, ऐकू येत नाहीये," पुतण्या म्हणत राहिला. आक्का त्याला पाहत राहिल्या. अपग्रेड छान झालं होतं. बारशाच्या आठवडाभर आधी त्यांना सगळं दिसायला लागलं होतं आणि बोलणं बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मासेवाली आली. आक्का व्हरांड्यात बसूनही गप्प, हे पाहून तिला वाटलं कोणी गेलं की काय. मालकांनी तिला समजावलं.

"देवळात सामायिक भांडी असतात ना? लग्नाला टोप लागला की देवळातून आणायचा, काम झालं की परत ठेवायचा. घरोघरी मोठा टोप कशाला? तसं कॉम्प्युटरमध्ये असतं. सगळे प्रोग्रॅम एकाच कोठीतून भांडी घेतात. त्याला म्हणायचं शेअर्ड लायब्ररी. आता नवी कमिटी आली, तिने जुने टोप मोडीत काढले. हिचा आवाज शिजायचा तो टोपच नाही."

"म्हणजे आक्का आता बोलणार नाय?"

"सध्या नाही."

"अरे देवा," मासेवाली म्हणाली. थोडा वेळ हळहळली. मग टोपलीवरचं फडकं बाजूला करत म्हणाली, "बांगडे आज जरा महाग हायत हां."

आक्कांचं लिहिणं चालू होतं, फक्त आवाज नव्हता. त्यांनी खाडखाड कळा दाबल्या आणि खिडकीशी ठेवलेल्या कॉम्प्युटरचा पडदा भावाकडे वळवला. मालक ताठ उभे राहिले, जुना चष्मा काढून नवा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"संदेश सुरू. 'माझ्या मूर्ख भावाने माझा आवाज घालवला म्हणून तू भाव वाढवतेस काय? कालचे बांगडे आहेत. डोळे बघ त्यांचे. या माणसाच्या डोळ्यांसारखे झालेत.' संदेश समाप्त."

मासेवालीने हसता हसता भाव उतरवला. ती गेल्यावर मी म्हटलं, "'मूर्ख' शब्द गाळला असतात तरी चाललं असतं."

"संदेश जसा आला तसा द्यायचा," मालक म्हणाले. "कप्तानाची बायको त्याला सोडून गेली, ती तार मीच त्याला वाचून दाखवली होती. तिच्यातही एक शब्द बदलला नाही. ही तर घरचीच."

पण दोन माणसांनी एकाच आवाजात भांडणं जमण्यासारखं नसतं. स्वतःला पडलेल्या शिव्या आधी मोठ्याने वाचायच्या, संदेश समाप्त म्हणायचं, आणि मग चिडून उत्तर द्यायचं, हे मालक प्रामाणिकपणे करून बघत होते. आक्कांनाच ते बघवेना. त्यांनी लिहिणं कमी केलं. मग थांबवलं. अपग्रेडबरोबर आलेला नवा तयार आवाज मालकांनी त्यांना ऐकवून पाहिला. आक्कांनी एक वाक्य ऐकलं, "पुण्याची बया परत आली" एवढं लिहिलं आणि कळफलक बाजूला सारला.

भिंतीपलीकडे शांतता झाली. माझ्या मीटिंगा निर्विघ्न पार पडू लागल्या. एका दुपारी मालक माझ्या गॅलरीच्या कठड्याशी येऊन उभे राहिले.

"आज आमटीत मीठ घालायचं विसरलो," ते म्हणाले.

"मग?"

"सगळी जेवली. काही म्हणाली नाही."

मी म्हटलं मी बघू का जरा. त्यावर त्यांचा चेहरा लगेच पूर्ववत झाला. "पॅसेंजरने कप्तानाच्या ब्रिजवर यायचं नसतं," असं सांगून ते गेले.

त्यांनी काय काय केलं ते मला भिंतीतून कळत होतं, कारण आता बहिणीऐवजी ते कॉम्प्युटरशी भांडत होते. आधी त्यांनी कोठीतल्या नव्या लायब्ररीला जुनीचं नाव देऊन बघितलं. नव्या टोपावर जुन्या टोपाचं नाव कोरलं तरी झाकण कसं बसणार? यंत्राने सांगितलं, हा वर्गच वेगळा आहे. ते खरंच होतं. मालकांचा प्रोग्रॅम बत्तीस बिटांच्या जुन्या काळातला आणि नवी सिस्टिम चौसष्टची. जुन्या काळातल्या प्रोग्रॅमांसाठी कोठीत एक वेगळं फळकुट असतं, आणि नेमकं तेच निरुपयोगी म्हणून काढून टाकलं गेलं होतं. हे मी त्यांना खिडकीतून ओरडून सांगितलं. त्यांनी खिडकी लावून घेतली.

मग तांदळाच्या डब्यातून डिस्क निघाली. बारसं दुसऱ्या दिवसावर आलं होतं. एकेक फाइल शोधत बसायला वेळ नाही असं ठरवून मालकांनी जुन्या कोठीतली सगळीच्या सगळी भांडी नव्या कोठीवर ओतली. नवी खाली गेली, जुनी वर आली. आणि कॉम्प्युटरमधला प्रत्येक प्रोग्रॅम, ज्याला नवीच भांडी माहीत होती, तो एकदम उपाशी पडला. कोणत्या फाइली आहेत त्या दाखव, एवढी साधी आज्ञासुद्धा चालेना. ठाण्याचा पुतण्या दिसायचा तोही गेला. आता ना आवाज, ना चित्र.

दुपारी माझ्या खोलीच्या दारावरची घंटा वाजली. कुठलीही खूण नाही, नुसती एक घंटा, गॅसवाल्यासारखी. दार उघडलं तर मालक. सदऱ्याला तांदळाचं पीठ लागलेलं.

"तुमच्याकडे पेन ड्राइव्ह आहे का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. तो माणूस मदत मागत होता, आणि ती या वाक्यापेक्षा सरळ मागणं त्याच्या घराण्यात कोणाला जमलं नसावं.

"आहे," मी म्हटलं. "येऊ का ब्रिजवर?"

"चपला बाहेर काढा."

पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर जागा केला. नव्या कोठीतली भांडी पुन्हा जागच्या जागी बसवली. मग बत्तीस बिटांचं ते फळकुट परत आणलं. प्रोग्रॅमला काय काय हवंय ते विचारलं. एक लायब्ररी दिली की ती दुसरीकडे बोट दाखवी, दुसरी दिली की तिसरीकडे. मालक शेजारी स्टुलावर बसून ओरडत होते. "ती नको! तिच्या आधीची! वाचता येतं का तुम्हाला?" मध्येच स्वतःच आत जाऊन चहा करून आणत होते. आक्का आपल्या खुर्चीत बसून आम्हा दोघांकडे पाहत होत्या. त्यांच्या मांडीवर कळफलक होता, हात मात्र कळांवर नव्हते.

शेवटी यादीत एकच नाव 'नॉट फाउंड' राहिलं. मालकांची स्वतःची लायब्ररी. ती जुन्या डिस्कवर शाबूत होती. मी ती उचलून सगळ्यांच्या कोठीत ठेवायला निघाले, तर मालकांनी माझा हात धरला.

"तिथे नाही," ते म्हणाले. "हीच तेव्हा चूक झाली. सामायिक भांड्यांत मी माझं भांडं घालून ठेवलं. कमिटीला काय कळणार ते कुणाचं. तिला वेगळी खोली द्या. आणि फक्त हिच्या प्रोग्रॅमला पत्ता सांगा."

मी वेगळा फोल्डर केला. लायब्ररी त्यात ठेवली. प्रोग्रॅमला पत्ता दिला. मालकांनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी लिहिलं, आणि कळ दाबली.

"मेल्या दाढी कर रेऽ. उद्या बारसं आहे."

मालक चहाचे कप उचलून आत गेले. आत बराच वेळ नळ चालू होता. तीन कप धुवायला त्या घरात इतकं पाणी मी कधी वापरलेलं पाहिलं नव्हतं. बाहेर आले ते डोळे पुसत नव्हते, चष्मा पुसत होते, आणि आल्या आल्या म्हणाले, "उच्चार जरा बसका येतोय. तुम्ही काहीतरी चुकवलंत."

बारसं झालं. पडद्यावर पाळणा, भोवती ठाण्याच्या बायका, दाढी केलेला पुतण्या. ठरलेलं नाव होतं ईरा. "दोन अक्षरांत मुलीचं काय भागणार," असं आक्कांनी आधीच नोंदवून ठेवलं होतं, पण मान मोडला नाही. यंत्राने आधी 'कुर्रऽ' केलं. जुनी स्कूटर थंडीत चालू करावी तसा आवाज आला. बायका हसून लोटपोट झाल्या, बाळ दचकून रडायला लागलं. मग यंत्र थांबलं, आणि हेल काढून म्हणालं, "ईराऽ."

बाळाचं रडणं चालूच होतं. बाळाच्या आईने मात्र पदर डोळ्यांना लावला. मालक भिंतीकडे तोंड करून दिनदर्शिका वाचत होते, आणि ती गेल्या महिन्याच्या पानावर होती.

त्यानंतर एका सकाळी ते माझ्या दारात आले. "तुम्ही इथे किती वर्षं राहणार?"

"अकरा महिन्यांचा करार आहे आपला."

"कराराचं विचारत नाही." त्यांनी आक्कांच्या खोलीकडे मान वळवली. "ही माझ्यापेक्षा मोठी. पण बोटीवर मी फार बिड्या ओढल्या. मी आधी गेलो, तर पुढचं अपडेट कोण अडवणार? एक दिवस कोणीतरी शहाणा येईल, हो म्हणेल, आणि ही परत मुकी होईल."

मग ते मला शिकवायला लागले. हेल कुठे ओढायचा, 'गो' किती लांबवायचा, 'मेल्या' म्हणताना आवाज कुठे चढतो. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ. गुरू म्हणून ते असह्य होते. मला काही समजलं की त्यांना वाईट वाटे आणि समजलं नाही की आनंद होई. आम्ही दोघांनी मिळून सगळं नव्या सिस्टिमसाठी पुन्हा बांधलं, जुन्या फळकुटाची गरजच ठेवली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी मला पॅसेंजरवरून बढती देऊन खलाशी केलं. त्याहून वर त्यांच्या बोटीवर कोणी चढलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे कंपनीने पुण्याला बोलावलं आणि मला रत्नागिरी सोडावी लागली. निघताना मालकांनी निरोप दिला नाही, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये लांबून शिरायचा परवाना दिला. वर्षातून एक-दोनदा मी पुण्यातून त्या खोलीत शिरत असे, काय अपडेट करायचं ते करून, काय करायचं नाही ते तसंच ठेवून बाहेर पडत असे. मालक फोन करून म्हणत, "काल कोणीतरी येऊन गेलं. चपला बाहेर काढल्या होत्या ना?"

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझा फोन वाजला. मालकांचाच नंबर होता. मी "बोला मालक" म्हटलं.

"बाय, मी आक्का."

कळांची टकटक ऐकू आली. मग तो आवाज, तोच हेल, शेवटचा शब्द ओढून सोडलेला.

"भाऊ गेला गोऽ. चहा पिता पिता."

पलीकडे पुन्हा टकटक.

"आवाज नीट येतोय का?"

"येतोय, आक्का."

"मग ऐक. याच्यात रडता येत नाही गोऽ. सगळं केलं मेल्याने. तेवढं राहिलं."

मग बराच वेळ फक्त कळांचा आवाज येत होता. त्या पुष्कळ काही लिहीत होत्या. बोलायची कळ मात्र त्यांनी दाबली नाही. मी फोन कानाला धरून बसून राहिले.